नांगी : विंचवाची शेपटीला, खेकड्याची तोंडापाशी, असं का?

मानसकाठ

विंचवाची नांगी शेपटीच्या टोकाला असते आणि खेकड्याची नांगी तोंडाच्या दोन्ही बाजूंना. मराठी कोशांत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली शेजारी शेजारी दिलेले असतात, आणि आपण ते वाचून पुढे जातो. माझं मत असं की या शब्दाचा मूळ अर्थ शेपटी हाच आहे आणि खेकड्याकडे तो नंतर गेला. कारणं मांडतो. गोव्यातल्या, विशेषतः नदीकाठच्या आणि खाजनाकडच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीकडच्या, मंडळींनी आपापल्या गावचे शब्द द्यावेत, म्हणून मुद्दाम धागा काढला आहे.

पहिलं कारण विंचवाच्याच अंगावर आहे. विंचवाला पुढे दोन चिमटे असतात. दिसायला अगदी कुर्लीसारखे, म्हणजे आमच्याकडच्या खेकड्यासारखे. त्याच चिमट्यांनी तो झुरळ-किडा पकडतो. म्हणजे या एका प्राण्याजवळ दोन्ही अवयव आहेत, पुढचा चिमटा आणि मागचा काटा. आता नांगी म्हणजे मुळात चिमटा असती, तर विंचवाच्या नांग्या पुढच्या ठरल्या असत्या आणि शेपटीला दुसरं काही नाव पडलं असतं. तसं झालेलं नाही. समोर चिमटे दिसत असूनही मराठी माणसाने नांगी हे नाव शेपटीलाच दिलं. मला हा पुरावा फार बोलका वाटतो.

दुसरं कारण उच्चाराचं. संस्कृतात शेपटीला लाङ्गूल म्हणतात. पालीत तेच नङ्गुट्ठ होतं. एका जातककथेचं नावच नङ्गुट्ठ जातक आहे. अग्नीला वाहायला ठेवलेला बैल शिकारी खाऊन जातात आणि मागे शेपटीसारखे अवशेष उरतात, अशी ती गोष्ट. प्राकृतात लंगूल आणि णंगूल अशी दोन्ही रूपं आहेत. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात लाहल, लाङ्गल आणि लाङ्गूल या शब्दांच्या आरंभीच्या ल चा विकल्पाने ण होतो असा नियम दिला आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात ललाट हा शब्द जोडला आहे. ललाटाचं आपल्याकडे निढळ झालं, निढळाचा घाम मधलं. लाङ्गलाचा नांगर झाला. मग त्याच यादीतल्या लाङ्गूलाची पोर मराठीत कुठे गेली? मला ती नांगीत दिसते.

आता तुमच्याकडून हवं आहे ते हे : तुमच्या घरी, तुमच्या गावात कुर्लीच्या पुढच्या मोठ्या पायांना काय म्हणतात? आणि विंचवाच्या शेपटीला काय म्हणतात?

पेडणेकरीण

आमच्याकडे पेडण्यात डेंगे. एक असेल तर डेंगो, अनेक डेंगे. पलीकडे सावंतवाडी-मालवणकडेही हेच. स्वयंपाकघरात नांगी हा शब्द मी कधी ऐकलाच नाही, तो शाळेच्या पुस्तकात भेटला.

आणि डेंगे हा शब्द आमच्याकडे बारीक पायांपासून वेगळा ठेवलेला आहे, कारण दोघांचं काम वेगळं. कुर्ल्या साफ करताना आई आधी डेंगे मोडून एका बाजूला ठेवायची, मग बारीक पाय दुसऱ्या बाजूला. बारीक पाय दगडावर ठेचून, थोडं पाणी घालून, पिळून रस काढायचा. हा रस राखाडी, पातळ दिसतो, पण कडीत, म्हणजे कालवणात, पडला की सगळी चव त्याचीच. डेंग्यांना नुसता वरवंट्याचा एक ठोका द्यायचा, कवच तडकेल इतकाच. जास्त बसला तर कवचाच्या कपच्या मांसात शिरतात आणि जेवताना दाताखाली येतात. तडकलेले डेंगे अख्खेच कडीत. ताटात डेंगो कोणाच्या वाट्याला येतो यावरून आम्हा भावंडांत भांडणं व्हायची.

विंचवाचा मात्र डेंगो नसतो. विंचवाची नांगीच. बहुधा तुमचं म्हणणं याने बळकट होतं.

खाजनवाला

मानसकाठबाब, विषय चांगला काढलात. पण मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे.

आमचं घर खाजनाला लागून. बांधाची राखण कशी करायची हे वडिलांकडून शिकलो. बांधाला सगळ्यात मोठा उपद्रव कुर्ल्यांचा. चिखलातली मोठी कुर्ली बांधात बीळ पाडते, ते बीळ दुसऱ्या बाजूला निघालं की भरतीचं खारं पाणी झिरपायला लागतं आणि वेळीच चिखल दाबून बुजवलं नाही तर भाताचं शेत जातं. त्यामुळे कुर्लीच्या नांगीशी आमचा संबंध रोजचा. विंचू वर्षाकाठी क्वचित दिसायचा. रोज पाहायच्या गोष्टीला आधी नाव पडतं आणि क्वचित दिसणाऱ्याला ते मागाहून लागतं, असा माझा सरळ हिशेब.

दुसरं, नांगी टाकणे. हा वाक्प्रचार कुर्लीचाच असला पाहिजे. कुर्लीला नांगीने धरून ओढा, ती नांगी तुमच्या हातात सोडून पळते. ती तुटत नाही, ती स्वतः सोडते. बुडाजवळचा एक ठरावीक सांधा आहे, तिथूनच सुटते आणि रक्तस्राव फारसा होत नाही. पुढे कात टाकली की त्या जागी नवी नांगी येते, पहिल्यांदा लहान, फिकट रंगाची, मग दर कातीबरोबर वाढत जाते. बाजारात एक नांगी मोठी आणि एक अगदी बारकी अशी कुर्ली दिसली तर समजावं की एकदा सोडून पळालेली आहे. लढायचं हत्यारच टाकून पळ काढणं, यापेक्षा हार मानण्याचं चांगलं चित्र कोणतं? विंचू कुठे नांगी टाकतो?

रानवाट

सत्तरी तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे डोंगरातल्या विंचवाची भीती फार. लहानपणापासून ऐकत आलोय की नांगी हा शब्द नागावरून आला. नागाचं विष दातात, विंचवाचं शेपटीत, म्हणून ती नागाची धाकटी बहीण, नांगी. हे कोणी तपासलं आहे का?

कोशवाचक

रानवाट, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण उच्चाराच्या चाळणीत टिकत नाही. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ग प्राकृतात गळून जातो. नाग चं प्राकृतात णाअ होतं. आज आपण नाग म्हणतो ते संस्कृतातून पुन्हा जसंच्या तसं उचललेलं रूप. उलट ङ्ग हे जोडाक्षर टिकतं : अङ्ग चं आंग, शृङ्ग चं शिंग, भृङ्ग चा भुंगा. नांगीत अनुस्वार आणि ग दोन्ही शाबूत आहेत, म्हणजे तिच्या पूर्वजात ङ्ग असणार. नागात तो नाही.

मानसकाठ यांचा लाङ्गूल या कसोटीला उतरतो. पण माझा त्यांनाही एक प्रश्न आहे, आणि तो सोडवल्याशिवाय मी सही करणार नाही. लाङ्गूलाच्या शेवटच्या ल चा मराठीत ळ व्हायचा, तो ळ कुठे गेला? लाङ्गलाच्या शेवटच्या ल चा नांगरात र झाला, म्हणजे तो कुठल्या तरी रूपात उरला. हिंदीतला लंगूर, म्हणजे लांब शेपटीचं माकड, हाही याच घराण्यातला, लाङ्गूलिन् वरून आलेला. तिथेही शेवटचं अक्षर र होऊन राहिलं. नियमाने लाङ्गूलाचं मराठीत नांगूळ किंवा नांगूर व्हायला हवं होतं. नांगीत शेवट पूर्ण सपाट झालेला आहे. हा फरक छोटा नाही.

दोतोर

विंचवाविषयी थोडं. आरोग्य केंद्रात काम करताना दंशाचे रुग्ण पाहिले आहेत.

मानसकाठ यांनी चिमट्यांचा मुद्दा काढला तो शरीररचनेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. विंचवात या दोन अवयवांचा व्यस्त हिशेब असतो. मोठा काळा विंचू, पावसाळ्यात दगडाखाली सापडतो तो, त्याचे चिमटे चांगले जाडजूड असतात. तो बरंचसं काम चिमट्यांवर भागवतो आणि त्याचं विष माणसाला तुलनेने सौम्य. लाल विंचू लहानखुरा, चिमटे अगदी किरकोळ, शेपूट मात्र जाड. त्याचं विष हृदयावर जातं. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, लहान मूल असेल तर पाहता पाहता अवस्था गंभीर होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांना प्राझोसिन हे औषध देऊन मृत्यू टाळता येतात हे दाखवून दिलं, त्याला जगभर मान्यता मिळाली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर मंत्र-उतारा करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

शेपटीच्या शेवटच्या पेराला फुगीर कुपी असते, त्यात विषाच्या दोन ग्रंथी आणि पुढे वाकडा काटा. माझ्याकडे येणारे रुग्ण "नांगी मारली" असं म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हा काटाच असतो. खेकड्याची नांगी मारत नाही, ती धरते, चावते, कापते. "खेकड्याने नांगी मारली" असं मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

मानसकाठ

दोतोर, "मारणे" या क्रियापदाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, फार उपयोगाचा आहे.

खाजनवालेबाब, तुमच्या दोन्ही मुद्द्यांना उत्तर देतो.

रोज दिसणाऱ्या गोष्टीला आधी नाव पडतं, हे मान्य. पण मग कुर्ली रोज पाहणाऱ्यांनी कोणतं नाव ठेवलं ते बघा ना. पेडणेकरीणताई सांगतात डेंगे. रायगडच्या कोळीवाड्यात चिंबोरीचे, म्हणजे खेकड्याचे, फांगडे म्हणतात. म्हणजे ज्यांचं पोट खेकड्यावर आहे त्यांनी त्या अवयवाला स्वतःचे वेगळे शब्द घडवले. खेकड्याच्या चिमट्याला नांगी म्हणणारे ते बहुतेक घाटावरचे आणि पुस्तकातले. त्यांना खेकड्यासाठी शब्द हवा होता, जवळ विंचवाचा तयार होता, तो त्यांनी लावला.

आणि मधली पायरीही दिसते. मधमाशीची नांगी, गांधीलमाशीची नांगी असं आपण सर्रास म्हणतो. मधमाशीला शेपटी नाही, पण काटा मागच्या टोकालाच आहे. म्हणजे आधी शेपटी, मग शेपटीच्या टोकाचा काटा, मग मागच्या टोकाचा कोणताही काटा, आणि शेवटी छोट्या जिवाचं इजा करणारं कोणतंही हत्यार. शेवटच्या पायरीवर खेकडा आला.

कोशवाचक, ळ ची हरकत योग्य आहे. माझं म्हणणं असं की नांगूळ मधला ऊळ लोकांना प्रत्ययासारखा वाटला असावा आणि नांग एवढंच धातूसारखं उरून त्याला लहानपणा दाखवणारी ई लागली. लाकूड असलं तरी लाकडी होते, काटा असला तर काटी होते, मराठीत ई लावून वस्तू धाकटी करायची खोड जुनीच आहे. मोठ्या प्राण्याची ती शेपटी, बारक्याची ती नांगी.

कोशवाचक

अंदाज बरा आहे, पण लाकडी हे उदाहरण इथे चालणार नाही, ते विशेषण आहे. काटी चालेल. ळ प्रत्यय समजून सोडून दिल्याचं एखादं दुसरं मराठी उदाहरण आणा, मग मी तुमच्या बाजूला येतो. नांग हा भाग लाङ्गूलाचा वारसा आहे इथपर्यंत मात्र माझीही खात्री आहे.

आता त्याच्याही मागे जाऊ. लाङ्गल म्हणजे नांगर आणि लाङ्गूल म्हणजे शेपटी, हे दोन शब्द इतके सारखे का? ऋग्वेदाच्या चौथ्या मंडळात क्षेत्रपतीचं सूक्त आहे, त्यात लाङ्गल येतो. पण संस्कृतातल्या धातूंवरून त्याची फोड नीट होत नाही. झाँ प्शिलुस्की या फ्रेंच विद्वानाने लाङ्गल, लाङ्गूल आणि लिङ्ग हे तीनही शब्द मुंडा-ख्मेर कुळातल्या भाषांकडून आले असं मांडलं. त्याचे लेख प्रबोधचंद्र बागची यांनी इंग्रजीत आणून 1929 मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. जमिनीत घुसणारी काठी, मागे लोंबणारी काठी असा काहीसा समान गाभा त्याच्या मनात होता. ख्मेरमध्ये नांगराला अंगल सारखा शब्द आहे, मलायमध्ये तेंगाला. आणि आपल्या शेजारी कन्नडमध्ये नेगिलु, तमिळमध्ये नांजिल. म्हणजे हा शब्द अर्ध्या आशियाभर शेतकऱ्यांबरोबर हिंडला आहे. सगळे अभ्यासक प्शिलुस्कीशी सहमत झाले नाहीत, पण शब्द मूळचा संस्कृत धातूंतून घडलेला नाही याकडे पुष्कळांचा कल आहे.

कुळागर

इथे माडाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अमरकोशात नारळाच्या झाडाला लाङ्गली म्हटलं आहे. नांगरासारखं काही त्यात दिसलं असेल. आणि कळलावीलाही संस्कृतात लाङ्गली हेच नाव. कळलावी आमच्या कुळागराच्या गडग्यावर पावसाळ्यात चढते, खाली पिवळी वर लाल अशी ज्वाळेसारखी फुलं. तिचा कंद उकरून पाहिलात तर नाव का पडलं ते लगेच कळतं. दोन बाहू कोनात जोडलेले, तंतोतंत नांगराचा आकार. कंद जहरी असतो, मुलांच्या हाती देऊ नये.

म्हणजे नांगर, शेपटी, माड, कळलावी, हे सगळं एका शब्दाच्या आसपास.

रांपण

नांगराचं चाललंच आहे तर दर्याकडचाही नांगर घ्या. होडीचा नांगर. हिंदीत त्याला लंगर म्हणतात, फारसीतही लंगर. आपल्याकडे नांगर झाला. म्हणजे परक्या शब्दातही ल चा न झाला, आणि शेताचा नांगर आधीच घरात असल्यामुळे हा पाहुणा त्याच्याच नावाने राहिला असावा. ल चा न होणं ही मराठी-कोंकणीची किती अंगवळणी पडलेली गोष्ट आहे ते यावरून दिसतं.

नांगीविषयी : आमच्या किनाऱ्यावर सुंगटाच्या (कोळंबीच्या) पुढच्या लांब तंतूंना मिश्या म्हणतात, माणक्यांच्या (स्क्विडच्या) तंतूंना पाय म्हणतात, नांगी कोणालाच नाही. शेवंडीला (लॉब्स्टरला) तर खेकड्यासारखे मोठे चिमटे नसतातच, तिच्या मिश्याच जाड आणि काटेरी. मासळीच्या धंद्यात नांगी हा शब्द जवळजवळ ऐकू येत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा नदीतल्या आणि शेतातल्या कुर्ल्यांना भाव येतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुतळीने जखडलेल्या जिवंत कुर्ल्या ढिगाने दिसतात. बांधताना नांग्या अंगाशी दुमडून बांधायच्या, नाहीतर टोपलीत एकमेकींचे पाय मोडतात आणि मोडक्या कुर्लीला गिऱ्हाईक अर्धा भाव देतं.

खाजनवाला

रांपण, बाजारात "नांग्या अंगाशी दुमडून" असं तुम्हीच लिहिलंत की! म्हणजे लिहायला बसलं की आपल्याला तोच शब्द सुचतो.

मानसकाठबाब, घाटावरून शब्द आला हे मला पूर्ण पटलेलं नाही, पण मधमाशीची पायरी पटली. माझा नांगी टाकण्याचा मुद्दा मात्र तुम्ही सोडून दिलात. त्याचं उत्तर द्या.

शाळामास्तरीण

त्याचं उत्तर मी देऊ का? मराठी शिकवते, फोंड्याला.

मराठीत "टाकणे" दोन प्रकारे येतं. साप कात टाकतो, काळवीट नाही पण सांबर शिंगं टाकतं. इथे टाकणे म्हणजे अंगापासून वेगळं करणं. दुसरीकडे कोंबडी मान टाकते, दमलेला माणूस अंग टाकतो. इथे काहीच सुटून पडत नाही, ताठ असलेलं ढिलं होतं, खाली येतं. नांगी टाकणे कोणत्या रांगेत बसवायचं, एवढाच प्रश्न आहे.

पहिल्या रांगेत बसवलं तर खाजनवाले यांची कुर्ली. दुसऱ्या रांगेत बसवलं तर विंचू. चवताळलेला विंचू शेपटी कमानीसारखी पाठीवर उभारतो, तोच त्याचा आवेश. ती खाली आली की संपलं. आता आपण हा वाक्प्रचार कधी वापरतो ते आठवा. मोठ्या तोऱ्यात असलेला माणूस समोर खमका भेटला की नांगी टाकतो. त्याआधी त्याने ती उगारलेली असते. तोरा आणि मग तो उतरणं, हा क्रम त्या शब्दांत आहे. कुर्लीच्या गोष्टीत हत्यार सोडून जीव वाचवणं आहे, तोऱ्याचा भाग त्यात येत नाही. वर्गात मुलांना मी "शेपूट घालणे" आणि "नांगी टाकणे" एकत्र शिकवते. दोन्ही शेपटीचेच. कुत्रा शेपूट पायांत घालतो, विंचू खाली टाकतो. पहिल्यात भित्रेपणा आहे, दुसऱ्यात मोडलेला ताठा.

आणि याच शेपटीचा तिसरा वाक्प्रचार तर रोज वर्तमानपत्रात असतो : लांगूलचालन. शेपूट हलवणं, म्हणजे खुशामत. तिथे लांगूल संस्कृत वेषातच राहिलं. एकाच शब्दाचं शिकलेलं रूप खुशामतीच्या कामाला आणि घरगुती रूप विंचवाच्या काट्याच्या कामाला, हे मला फार आवडतं.

खाजनवाला

मास्तरीणबाय, तोऱ्याचा मुद्दा वजनदार आहे. पण खवळलेली कुर्लीही नांग्या उगारून, फाकवून उभी राहते, मागच्या पायांवर अंग उचलून. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या, दाराशी कितीदा पाहिलं आहे. आणि काठी पुढे केली की काठीला पकडते, मग दम संपला की नांग्या खाली सोडून चिखलात रुतून बसते. म्हणजे तुमची दुसरी रांगही कुर्लीला बंद नाही. मी एवढंच मानतो की वाक्प्रचार दोघांनाही शोभतो.

चोडणची फेरी

चोडणला पक्षी अभयारण्याच्या वाटेवर ओहोटीच्या वेळी कांदळवनाखालचा चिखल बघा. नखाएवढ्या खेकड्यांची झुंबड असते. नराची एकच नांगी मोठी, जवळजवळ अंगाएवढी, दुसरी इवलीशी. मोठी नांगी तो वर-खाली हलवत राहतो, मादीला बोलावायला आणि दुसऱ्या नराला धाक घालायला. खायचं काम लहान नांगीचं, चिखल उचलून तोंडात घालायचा. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, म्हणून ती दोन्ही हातांनी जेवते. माणूस जवळ गेला की एका क्षणात सगळा चिखल मोकळा. पाच मिनिटं हलू नका, मग एकेक करून परत वर येतात.

तेव्हा हत्यार, हात, निशाण, सगळंच नांगी. तिला एका अर्थात बसवणं कठीण आहे.

पेडणेकरीण

आईला आज फोनवर विचारलं. विंचवाच्या पुढच्या चिमट्यांना काय म्हणतात? ती म्हणाली, "त्याचे पण डेंगेच. नांगी मागची." म्हणजे आमच्या पेडण्यात दोन्ही प्राण्यांचा हिशेब चोख आहे : चिमटा तो डेंगो, कुर्लीचा असो की विंचवाचा. मागचा काटा ती नांगी. गोंधळ प्रमाण मराठीत झालेला दिसतोय, आमच्या बोलीत नाही.

मानसकाठ

पेडणेकरीणताई, या धाग्यावर मला जे हवं होतं ते हेच. आईंना माझा नमस्कार सांगा. चिमट्याला स्वतंत्र शब्द ज्या बोलीत आहे तिथे नांगी आपल्या जुन्या जागी, म्हणजे मागेच राहिली. ज्या बोलीत चिमट्याला शब्द नव्हता तिथे ती पुढे सरकली. शब्दाच्या अर्थाचा प्रवास गावागावांच्या बोलीतून ताडून बघता येतो तो असा.

कोशवाचक, ळ चं उदाहरण शोधतो आहे, मिळालं की इथेच देतो.

कोशवाचक

पेडण्याची ही नोंद माझ्या लेखी हेमचंद्राच्या सूत्राइतकीच मोलाची आहे. अर्थाचा क्रम सुटला, विंचू आधी, खेकडा मागाहून, यावर माझी सही घ्या. उच्चाराची सही ळ मिळाल्यावर.

एक विनंती. डेंगो कुठून आला याचा वेगळा धागा काढावा. त्यात ङ्ग आहेच, आणि आरंभीचा ड संस्कृतातून सहजासहजी येत नाही, तेव्हा कन्नडकडे नजर टाकावी लागेल. कारवारकडचं कोणी असेल तर फार बरं.

दोतोर

दक्षिणेकडचे शब्दही यायला हवेत. काणकोण, सांगे, केपे इथलं कोणी असेल तर तीन गोष्टी लिहा : कुर्लीचा पुढचा चिमटा, विंचवाचा पुढचा चिमटा, विंचवाचा मागचा काटा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून लिहा, आणि तालुक्याबरोबर गावाचं नावही द्या, म्हणजे पेडण्याच्या शेजारी मांडून बघता येईल.

रानवाट

सत्तरीचं मी आणतो. वाळपईच्या बाजारात गुरेवाल्यांना आणि आमच्या आजीला, दोघांनाही विचारतो. डोंगरातल्या ओहोळात मिळणाऱ्या गोड्या पाण्याच्या कुर्लीचा शब्द निराळा असेल तर तोही लिहीन.